पाकिटातली चिठ्ठी : एका संवादिनी साथीदाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझंच आहे. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून नावं काढली आहेत आणि एकदोन गावं इकडची तिकडे केली आहेत. तारखा आणि आकडे मात्र वहीतून घेतले आहेत.

मी पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवते. निमंत्रणपत्रिकेवर ‘संवादिनी’ छापतात, पण फोनवर सगळे ‘ताई, पेटीला याल का’ असंच विचारतात. नवव्या वर्षी शिकायला लागले. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा तालुक्याच्या गावातच दिल्या. बी.कॉम. करून पुण्याला आले आणि हिशेबाच्या एका ऑफिसात आठ वर्षं नोकरी केली. त्या काळात कार्यक्रम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी व्हायचे. २०१२ साली आकाशवाणी कलाकारांना देते त्यातली ‘बी हाय’ श्रेणी मिळाली आणि २०१४ साली नोकरी सोडली. तेव्हापासून व्यवसाय काय या रकान्यात मी ‘कलाकार’ लिहीत आले. म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मी सगळंच करत होते. ख्यालाच्या मैफलींना साथ होती. नाट्यसंगीत आणि अभंगवाणीचे कार्यक्रम होते. हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात पेटी, आणि गरज पडली तर कीबोर्डही. कथकच्या वर्गाला तासन् तास लेहरा, म्हणजे तालासाठी फिरून फिरून तीच धून, धरायचा, घरी शिकवण्या घ्यायच्या, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या चाली बसवायच्या. बोलावणं आलं की ‘हो’ म्हणायचं, एवढंच माझं धोरण होतं. नोकरी सोडलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची भीती वाटते, आणि माझी ती भीती नऊ वर्षं टिकली.

पेटीवाल्यांच्या बाबतीत आणखी एक जुनं दुखणं आहे. हे वाद्य परदेशातून आलं, त्याचे सूर बांधलेले, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप पहिल्यापासून आहे. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. बंदी उठूनही पन्नास वर्षं झाली, तरी पेटीवाला म्हणजे चालवून घेतलेला पाहुणा, ही भावना पुरती गेलेली नाही. गंमत म्हणजे पेटी नसेल तर मैफल सुरू करायला बहुतेक गायक तयार नसतात.

अडचण कशी समोर आली

डिसेंबर २०२२. पुण्याबाहेरच्या एका महोत्सवात एका ज्येष्ठ गायिकेच्या साथीला होते. त्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. मैफल चांगली झाली. ग्रीनरूममध्ये मी भात्याची कडी लावत होते, तेवढ्यात संस्थेचे चिटणीस डोकावले. म्हणाले, “ताई, तुमचं पाकीट तबल्याच्या दादांकडे दिलंय हं. एकत्रच आहे.”

दादांनी पाकीट उघडलं. नोटांच्या वर एक चिठ्ठी होती, पेन्सिलीने लिहिलेली : तबला १२, पेटी ८. मी ती वाचली, आणि मी वाचली हे दादांनी पाहिलं. त्यांनी चिठ्ठी दुमडून झब्ब्याच्या खिशात टाकली, पाचशेच्या सोळा नोटा मोजून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, “चहा घेऊन निघू या का?” त्यांची काही चूक नव्हती. एकाच सतरंजीवर आम्ही दोघं अडीच तास बसलो होतो. तबला जमवायला त्यांना वीस मिनिटं लागतात, आणि बारा-तेरा किलोची स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी) पेटी जिन्यावरून चढवायला मलाही तेवढीच लागतात. चार हजारांचा फरक नेमका कशाचा होता, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.

जानेवारीत त्या मैफलीचं चित्रीकरण यूट्यूबवर आलं. शीर्षकात बाईंचं नाव, खाली तबल्याच्या दादांचं नाव, तानपुऱ्यावरच्या दोन मुलींची नावंही होती. माझं नव्हतं. कॅमेरा असा लावला होता की बडा ख्यालाची चाळीस मिनिटं फक्त माझा उजवा हात दिसतो. मनगट, दोन बांगड्या आणि पट्ट्यांवरून फिरणारी बोटं. मुलगी तेव्हा सहावीत होती. ती म्हणाली, “आई, बांगड्यांवरून कळतंय तूच आहेस ते.”

तिथेच संपलं असतं तर मी दोन दिवस चडफडून गप्प बसले असते. पण मार्चमध्ये पाडव्याच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने मला एक रील पाठवलं. दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात होती आणि मागे बारा सेकंद संगीत वाजत होतं. ते त्याच मैफलीतलं होतं. त्यात बाईंचा आवाज नव्हता, कारण त्या पाणी प्यायला थांबल्या होत्या आणि तेवढा वेळ मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, मी धरून ठेवला होता. म्हणजे जाहिरातीत वापरलेलं संगीत जवळजवळ सगळं माझं होतं, आणि त्या चित्रीकरणात नाव नसलेली मी एकटीच होते.

हिशेबाची वही

रागाच्या भरात मी जे पहिलं केलं ते आजही बरोबर वाटतं : कुणाला फोन केला नाही. त्याऐवजी एप्रिलमध्ये जुन्या ऑफिसातली सवय बाहेर काढली आणि २०२२-२३ या वर्षाची डायरी घेऊन बसले.

कार्यक्रम निघाले ७१. शास्त्रीय मैफली १९, नाट्यसंगीत आणि अभंग २७, ऑर्केस्ट्रा १६, कथक, परीक्षा वगैरे ९. त्यासाठीच्या तालमी ९४, सगळ्या फुकट. कार्यक्रमांचे मिळाले ३,१२,४०० रुपये, म्हणजे एका कार्यक्रमाला सरासरी ४,४००. मग एकाच कार्यक्रमाचा तासावर हिशेब केला. मुंबईचा होता, मानधन ८,००० चं. पेटीसह जाण्यायेण्याचे माझ्या खिशातून गेले १,४००. दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंत ११ तास आणि दोन तालमींचे येण्याजाण्यासह ८ तास. तासाला साधारण ३५० रुपये पडले. त्याच महिन्यात घरी चार मुलांचा एक वर्ग होता, प्रत्येकी महिना १,५००, महिन्याला चार तास. तिथे तासाला १,५०० मिळत होते.

वही अगदी सरळ सांगत होती : मैफली सोड, शिकवण्या वाढव.

आणखी एक गोष्ट त्या वहीतून निघाली, आणि तिची लाज वाटते. एक शैक्षणिक संस्था वर्षाला माझे सहा कार्यक्रम करायची. एकूण मानधन ३६,००० व्हायचं आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापला जायचा. माझं उत्पन्न करपात्र नव्हतं. विवरणपत्र भरलं असतं तर ते पैसे परत आले असते. बी.कॉम. झालेल्या, हिशेबाच्या ऑफिसात आठ वर्षं काढलेल्या मी सलग तीन वर्षं ते भरलंच नव्हतं. मुदत गेली, साधारण दहा हजार बुडाले. याला जबाबदार दुसरं कुणी नव्हतं. ‘आपण कलाकार, आपल्याला कसलं आलंय विवरणपत्र’ हा माझाच तोरा त्याच्या मुळाशी होता.

समोर काय पर्याय होते

पहिला पर्याय वहीनेच सुचवला होता, शिकवणीचा. मागणी भरपूर होती. करोनाच्या काळात, मार्च २०२० नंतर एकही कार्यक्रम नसताना, ऑनलाइन वर्गांनीच घर चाललं होतं. पण तेव्हाचा एक अनुभव मनात होता. सात-आठ महिने फक्त शिकवल्यावर पहिल्या मैफलीला बसले, आणि गायकाच्या मागे जाणारा हात अर्धा क्षण उशिरा पोचत होता. साथ हे असं कसब आहे की ते घरी बसून राखता येत नाही. त्यासाठी समोर गाणारं माणूस लागतं, आणि ते पुढे काय गाणार आहे हे आपल्याला माहीत नसावं लागतं.

दुसरा पर्याय एकल वादनाचा. ‘साथीत काही नाव होत नाही, स्वतंत्र वाजव,’ हा सल्ला मला सर्वांत जास्त वेळा मिळालाय. तो देणारे लोक मोठमोठी नावं घेतात. गोविंदराव टेंबे, आप्पा जळगावकर, मूळचे गोव्याचे तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. पण या नावांकडे नीट पाहिलं की वेगळंच दिसतं. टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसले, नाटकांना चाली दिल्या, पुढे बोलपटात राजाही झाले. जळगावकर आणि बोरकर आयुष्यभर मोठमोठ्या गायकांच्या डाव्या हाताला बसले. कुणी साथ ‘सोडून’ मोठं झालेलं नाही. मी तीनदा एकल वादन केलं आहे. वाईट झालं नाही. पण ऐकायला बहुतेक पेटीवालेच आले होते, आणि वाजवताना मला सारखं वाटत होतं की समोरचं कुणीतरी अजून यायचं आहे.

तिसरा, शाळेत कंत्राटी संगीतशिक्षिका. पगार ठरलेला आणि घरचा हप्ता सुटेल एवढा होता. नवऱ्याचा कल तिकडे होता. त्याची चाकणला पाळीची नोकरी, माझं रात्री-अपरात्री परतणं, मुलगी एकटी. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण शाळेची वेळ सकाळी साडेसात ते दुपारी दोन, म्हणजे माझा पहाटेचा रियाज आणि आदल्या रात्रीची मैफल दोन्ही गेलं असतं.

चौथा पर्याय होता आहे तसं चालू ठेवण्याचा. याला आपण पर्याय म्हणत नाही, पण तोच सर्वांत जास्त निवडला जातो.

निर्णय झाला तो एका बिनहिशेबी प्रश्नावर. डायरीतल्या ७१ कार्यक्रमांवर मी पेन्सिलीने खुणा केल्या : हा फुकट मिळाला असता तरी वाजवला असता का? खुणा पडल्या २३. त्यातल्या १७ शास्त्रीय मैफली होत्या, उरलेल्या सहा चांगल्या गायकांच्या नाट्यसंगीताच्या. ऑर्केस्ट्राच्या सोळांपैकी एकावरही खूण नव्हती. तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं : मी साथीदार आहे. माझा व्यवसाय साथ हाच. शिकवणी त्याला पोसते, बाकीचं गळेल तसं गळू द्यायचं. साथीदार ही वर चढायच्या जिन्यातली मधली पायरी आहे, असं मी मानत आले होते. ते मानणं सोडल्यावर पुढचे प्रश्न सोपे नाही, पण नेमके झाले. साथीचं मोल किती, साथीदाराचं नाव कुठे यायला हवं, साथीदाराच्या वाजवण्यावर हक्क कुणाचा.

काय केलं : जाहिरातीचं प्रकरण

एका विद्यार्थ्याची आई वकील आहे. तिने मला कॉपीराइट कायदा उघडून दाखवला. त्यातली कलाकाराची व्याख्या वाचून मी हसले. गायक, वादक, नर्तक यांच्या बरोबरीने त्यात कसरतपटू आहेत, जादूगार आहेत, गारुडीसुद्धा आहे. मुख्य कलाकार आणि साथीदार असा भेद मात्र तिथे नाही. वादकालाही आपल्या सादरीकरणावर हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो आणखी भक्कम झाला. संमतीशिवाय चित्रीकरण करता येत नाही, व्यापारी वापर झाला तर मोबदल्यात वाटा आहे, आणि सादरीकरण करणारा म्हणून नाव मागण्याचा हक्क वेगळा, स्वतंत्र आहे. पन्नास वर्षं टिकणारा हक्क माझ्याकडे होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

नोटीस पाठवायची का, हा पहिला खरा निर्णय होता. वकीलबाई तयार होत्या. मी नको म्हटलं, कारण नोटीस संस्थेला गेली असती, तिथून विषय बाईंपर्यंत गेला असता आणि बाईंच्या मैफलीवरून भांडणारी पेटीवाली एवढीच माझी ओळख उरली असती. मी चिटणीसांना फोन केला. तीन गोष्टी मागितल्या : जाहिरात काढायला लावा, यूट्यूबवर नाव घाला, पुढच्या वेळी कॅमेरा दोन फूट डावीकडे सरकवा. तिसरी ऐकून ते मनमोकळं हसले आणि त्यामुळे पहिल्या दोन झाल्या. जाहिरात चार दिवसांत गेली. दुकानाने ती चाल ‘नेटवरून’ घेतली होती. माझं नाव आलं, आडनावातली वेलांटी चुकून. मोबदला मी मागितला नाही. वकीलबाईंच्या मते ती चूक होती.

काय केलं : एक पानी कागद, आणि तो कसा फसला

जूनमध्ये मी एक पानाचा कागद तयार केला. मानधन, प्रवासखर्च वेगळा, दोन तालमी मानधनात, तिसरीपासून प्रत्येकी हजार रुपये. पत्रिकेत आणि निवेदनात नाव. चित्रीकरण संस्थेच्या संग्रहासाठी चालेल, जाहिरातीला नाही. मानधन माझ्या खात्यात, दुसऱ्याच्या पाकिटात नाही. आजही त्यातली एकही अट मला अवास्तव वाटत नाही.

चुकलं ते पाठवणं. १५ जून २०२३ ला रात्री अकरा वाजता मी तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच वेळी चाळीस जणांना पाठवला. त्या वर्षी आषाढी २९ जूनला होती. अभंगाच्या कार्यक्रमांच्या तयारीत सगळे आयोजक गळ्यापर्यंत बुडालेले. पाठोपाठ अधिक श्रावण, मग गणपती. सगळ्यांच्या डोक्यावर बोजा असताना मी त्यांना अटींचा कागद धरायला सांगत होते. आणि त्या चाळीस जणांत महोत्सव भरवणाऱ्या संस्था होत्या, साताऱ्याकडच्या एका वाडीचं गणपती मंडळ होतं, कथकची एक नवशिकी मुलगी होती, आणि बाईही होत्या. सगळ्यांना तोच कागद.

मंडळाच्या अध्यक्षांचा फोन सकाळी सातला आला. “ताई, हे करारबिरार आपल्यात कधीपासून?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. ते मला दरवर्षी ३,००० देतात, जेवायला घालतात, मुलीसाठी तांदळाची पिशवी बांधून देतात, आणि पेटी गाडीपर्यंत त्यांची पोरं उचलून नेतात. त्यांना मी ‘चित्रीकरणाचे हक्क’ असं काहीतरी पाठवलं होतं. दोन संस्थांनी उत्तरच दिलं नाही आणि पुढेही बोलावलं नाही. एका मध्यमवयीन गायकाने लिहिलं, ‘अभिनंदन, आता तुम्ही परवडणार नाही.’ ती थट्टा असेल असं मी धरून चालले. ती थट्टा नव्हती.

बाईंचं उत्तर आलं नाही. महिन्याने एका कार्यक्रमाला भेटल्या, तेव्हा मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, तिसऱ्या तालमीला हजार रुपये लिहिलेस. माझ्याकडे किती तालमी झाल्या तुझ्या आजवर, मोजल्यास का?”

मी म्हणाले, “बाई, ते तुमच्यासाठी नव्हतं.”

“मग मला पाठवलंस कशाला? आधी येऊन बोलायचंस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाईंच्या घरच्या तालमी म्हणजे माझं शिक्षणच होतं. यमन दोन तास कसा उलगडतो, हे मी तिथे पेटीवर बसून शिकले, आणि त्याची फी त्यांनी कधी घेतली नव्हती. दुसऱ्या बाजूने, त्यांच्या मैफलींतूनच मला ‘पेटी ८’ची पाकिटं मिळत होती आणि त्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यानंतर पाच महिने त्यांचा फोन आला नाही. त्या मोसमात त्यांच्या साथीला दुसरा मुलगा बसला. तो चांगला वाजवतो.

दुरुस्ती

ऑगस्टमध्ये मी कागद फाडला नाही, पण त्याच्या तीन वाटा केल्या. ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याकडे कागद नाही. तिथे फक्त एक विनंती, तीही समक्ष : माझं मानधन वेगळं द्यायला सांगा. तिकीट लावणाऱ्या किंवा प्रायोजक असलेल्या संस्थांना पूर्ण कागद, पण आधी फोन आणि मग कागद. वाडीच्या मंडळाला काहीच नाही. ते ३,००० मानधन नाहीच, तो पाहुणचार आहे, आणि वर्षातून एखाददुसरी अशी जागा मला हवी आहे.

उलटं एका ठिकाणी कडक झाले. परीक्षेला किंवा पहिल्या जाहीर कार्यक्रमाला साथ मागणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सवलत द्यायचे, ‘मुलं आहेत’ म्हणून. वहीत पाहिलं तर सर्वांत जास्त तालमी त्यांच्याच होत्या, आणि रंगमंदिराचं भाडं, ध्वनिव्यवस्था, छायाचित्रकार हे सगळं पालक पूर्ण दराने देत होते. मग पेटीलाच सवलत का? तिथे दर पूर्ण केला. दोघं-तिघं गळले, बाकीचे बिनतक्रार देतात.

ऑर्केस्ट्रा बंद केला. तीन महिने. ऑक्टोबरात घराचा हप्ता आणि मुलीची फी एकदम आली, तेव्हा दोन कार्यक्रम परत घेतले, आणि अजूनही वर्षाला चार-पाच घेते. यात मला कमीपणा वाटत नाही, फक्त आता ते ठरवून घेते.

शरीराचीही बाजू होती. डाव्या हाताने भाता, उजव्याने पट्ट्या, कंबर एकाच बाजूला वळलेली, अशी तीन-तीन तास वीस वर्षं. डावा खांदा त्या वर्षी रात्री झोपू देईना. फिजिओथेरपिस्टने बैठक बदलायला सांगितली आणि वजन उचलायला मनाई केली. मग स्केलचेंजर घरी ठेवून प्रवासासाठी हलकी, साधी पेटी घेतली. साध्या पेटीला सरकणारी पट्टी नाही. गायिकेचा सूर काळी चार, उद्याच्या गायकाचा काळी एक, तर प्रत्येक सुरातून बोटांनीच वाजवायचं. लहानपणी गुरुजींनी हेच शिकवलं होतं आणि स्केलचेंजर आल्यावर मी ते सोडलं होतं. पहाटे साडेपाच ते सात, चार महिने पुन्हा सगळे सूर घोटले. दुखणाऱ्या खांद्याने माझं वाजवणं सुधारलं, असं म्हणायला हरकत नाही.

परिणाम

२०२४-२५ या वर्षात कार्यक्रम ४८ झाले, म्हणजे २३ कमी. मानधन मिळालं ३,३६,०००. सरासरी ७,०००. तालमी ९४ वरून ५८ वर आल्या. शिकवणीचे दोन वर्ग वाढवले. विवरणपत्र दर जुलैत भरते. फुकट असता तरी वाजवला असता, अशा खुणा त्या वर्षी ४८ पैकी २९ कार्यक्रमांवर पडल्या. या एका आकड्याचा मला सर्वांत जास्त आनंद आहे.

गेलं तेही लिहायला हवं. दोन संस्था कायमच्या गेल्या. ‘परवडणार नाही’ म्हणणारा गायक गेला. त्याच्याबरोबरचं नाट्यसंगीत मला आवडायचं. जुन्या मंडळीत ‘ती फार हिशेबी झालीय’ असं बोललं जातं, हे मला पोचतं.

बाईंचा फोन जानेवारी २०२४ मध्ये आला, जणू आदल्या आठवड्यातच बोललो होतो असा. “शनिवारी ये. मारुबिहाग काढू या.” कागदाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मैफलीनंतर त्यांच्या मुलाने विचारलं, “ताई, यूपीआय कुठल्या नंबरवर करू?” घरी पोचायच्या आत पैसे आले होते. किती आले आणि दादांना किती गेले, हे दोन्ही मला माहीत आहे, कारण या वेळी मी दादांना सरळ विचारलं. फरक अजून आहे, पण तो आता हजाराचा आहे.

आज वेगळं काय केलं असतं

कागदाआधी माणसं. बाईंकडे मी मे महिन्यात, कार्यक्रम नसताना, जाऊन बसायला हवं होतं. त्यांना चिठ्ठीची गोष्ट सांगायला हवी होती. त्या महोत्सवात त्यांनी एक शब्द टाकला असता तर माझ्या एक पानापेक्षा जास्त काम झालं असतं. मला वाटत होतं की मोठ्यांसमोर पैशाचा विषय काढू नये. आणि मग तोच विषय मी रात्री अकरा वाजता त्यांच्या फोनवर पाठवला.

जाहिरातीचा मोबदला मागायचा होता की नव्हता, यावर माझं मत अजून ठरत नाही. संबंध टिकले, हे खरं. पण त्या दुकानाला आजही वाटत असेल की संगीत नेटवर उगवतं.

आणि दादांशी मी त्याच रात्री, चहा घेताना, बोलायला हवं होतं. साथीदारांनी एकमेकांना आकडे सांगायचे नाहीत, ही आमच्यातली जुनी खोड आहे. आयोजकाला सगळ्यांचे दर ठाऊक असतात, आम्हालाच एकमेकांचे नसतात. चिठ्ठी खिशात घालणाऱ्या दादांनाही अवघड झालं होतं. हे त्यांनी मला दीड वर्षाने सांगितलं.

गेल्या सप्टेंबरात बावीस वर्षांच्या एका पेटीवाल्या मुलाचा फोन आला. मुंबईच्या एका संस्थेने बोलावलंय, किती सांगू, असं तो चाचरत विचारत होता. मी त्याच संस्थेकडे वाजवते. मी माझा आकडा सांगितला, प्रवासखर्चासह. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आकडा ऐकून बिचारा दबला. मग तो हळूच म्हणाला, “ताई, राग मानू नका. मी त्यांना पाचशे जास्त सांगून बसलोय आणि ते हो म्हणालेत.”